पैलवानाचं वजन

"एक सांगून ठेवते," साळवे सिस्टर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बाळाचं वजन विचारायचं नाही. आपलं वाढलं तर सांगत बसायचं नाही, दुसऱ्याचं किती झालं ते विचारायचं नाही. दूध काढायचं, वाटी आत द्यायची, आणि डोळे मिटून पडायचं."

मी मान हलवली. त्यांनीच दिलेली, उकळून काढलेली स्टीलची वाटी माझ्या हातात होती, अजून गरम. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. वाढ मोजल्याशिवाय कळणार कशी, असं मनात आलं. सिस्टर दाराआड गेल्या आणि मी शेजारच्या कॉटवरच्या बाईला विचारलं, "तुमचं किती आहे?"

"हजाराला थोडं कमी," ती म्हणाली. "पैलवान हाय माझा. तुमचं?"

"आठशे चाळीस ग्रॅम. मुलगी."

तिनं माझ्याकडं, माझ्या चष्म्याकडं, मांडीवरच्या वाटीकडं नीट पाहिलं. "मास्तरीण हाय का तुम्ही?"

"हो. कशावरून?"

"आमी हजाराला कमी म्हणतो. तुमी आठशे चाळीस म्हणता."

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. टाके दुखले म्हणून लगेच थांबले.

तिचं नाव वैजयंता. आटपाडीची. घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. नवरा डाळिंबाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तिचा मुलगाही माझ्या मुलीसारखाच सातव्या महिन्यात आलेला, पण तिच्या आधी, जवळपास दोन आठवडे आधी. मिरजेतल्या त्या दवाखान्यात काचेच्या दारापलीकडं पेट्या होत्या, पेट्यांत आमची बाळं होती, आणि दाराच्या अलीकडं आमची खोली: आठ कॉट, एक बेसिन आणि दर तीन तासांनी भरायच्या वाट्या. बाळांना नावं नव्हती. पेट्यांवर आमचीच नावं लिहिलेली, 'त्रिशला यांचे बाळ', 'वैजयंता यांचे बाळ'. पण वैजयंतानं तिच्याला पैलवान म्हणून टाकलं होतं आणि माझ्या मुलीला बारकी मॅडम.

इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरोखरच विसरतात. छाती हलायची थांबते, यंत्र वाजू लागतं, सिस्टर पेटीच्या खिडकीतून हात घालून तळपायाला टिचकी मारते, आणि बाळाला आठवतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा काचेला धरून तशीच खाली बसले. वैजयंतानं मला काखेत हात घालून उठवलं.

"माझ्या मालकाचं असंच हाय," ती म्हणाली. "टिचकी मारल्याबिगर काय आठवत न्हाई. मोठा ड्रायव्हर म्हणून टेम्पो घेऊन जातो, आन् डिझेल भरायचं विसरतो."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटती की. पण ती काय सांगून जाती व्हय? तू चहा पी."

मला सगळं बघत राहायची सवय होती. यंत्रावरचा प्राणवायूचा हिरवा आकडा नव्वदच्या खाली आला की मी सिस्टरना हाक मारायची. अभिनंदन, माझा नवरा, संध्याकाळी बँकेतून सुटला की सांगलीहून यायचा आणि काचेपाशी माझ्या मागे उभा राहायचा. "त्या आकड्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ," म्हणायचा. पण तिच्याकडं बघून मला काही कळत नव्हतं. ती एवढीशी, लालसर, जावळ ओल्या कणसाच्या केसांसारखं. ती बरी आहे की नाही हे मला फक्त दोन गोष्टींवरून कळायचं. एक यंत्र, आणि दुसरा पैलवान.

कारण पैलवान पुढं होता. त्याच्या नाकातली नळी निघाली, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या मुलीची निघाली. त्याला बोंडल्यानं दूध द्यायला लागले, मग तिला. त्याला वैजयंताच्या छातीवर, ब्लाउजच्या आत, कांगारूच्या पिल्लासारखं बांधून ठेवायला सुरुवात झाली, मी तिच्याकडं बघत बसले, आणि काही दिवसांनी सिस्टर मला म्हणाल्या, "चला, आता तुमची पाळी." एखाद्या अनोळखी घाटात पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत असले की आपण निवांत मागून चालवतो. तसं मला झालं होतं. रोज सकाळी वजनं झाली की मी विचारायची, "पैलवान किती झाला?" आणि वैजयंता सांगायची. सिस्टरांच्या कानावर पडलं की त्या नुसत्या माझ्याकडं बघायच्या.

पैलवानाच्या डोक्याला होईल एवढं टोपडं बाजारात मिळेना. वैजयंतानं घरून सुई-दोरा मागवला. तिच्या गल्लीत एक धडधाकट, वर्षाचं पोरगं होतं, त्याचं जुनं झबलं तिनं मागून आणवलं आणि त्याचं टोपडं शिवलं.

"नवं कापड का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"आमच्यात पहिलं कापड मागून आणलेलंच घालत्यात. ज्या घरात पोर चांगलं वाढलंय, तिथलं. त्याचं वाढणं ह्याला लागतं." टोपडं तिनं आपल्या मुठीवर चढवून पाहिलं, आणि एक टाका उसवून पुन्हा घातला. "तू हसू नको. तू कॉलेजात शिकवत असशील."

"मी कुठे हसले?"

"चष्म्याच्या आतनं हसलीस."

पैलवान घरी जायचा दिवस आला. वैजयंताचा नवरा टेम्पोच घेऊन आला होता, पुढच्या सीटवर गोधडी अंथरून. तिनं पेढे वाटले नाहीत. आमच्या खोलीत कुणीच वाटत नसे; ज्यांची बाळं आत होती त्यांच्यासमोर तोंड गोड करणं बरं दिसत नाही, हा तिथला नियम होता. जाताना ती माझ्या कॉटवर बसली. पैलवान तिच्या पदराखाली होता. त्याच्या डोक्यावर आता मोठं, लोकरीचं टोपडं होतं, आणि ते मागून आणलेल्या कापडाचं तिनं माझ्या हातात ठेवलं.

"घरी गेलेल्या बाळाचं हाय आता हे. बारकीला घाल. ती घरी गेली की मला आणून दे, पुढं दुसऱ्या कुणाला तरी लागंल."

"तू फोन करशील ना?"

"तूच करशील. मला काय कामं न्हाईत व्हय?"

पैलवान जांभई देत होता. मी त्याच्या तळपायाला हळूच बोट लावलं. तो पाय त्यानं आत ओढून घेतला.

ती गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या मुलीनं दूध पचवायचं सोडलं. पोट फुगलं, अंग थंड पडलं. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग आहे, रक्तात आहे. पुन्हा नळी, पुन्हा श्वासाचं यंत्र. मला तिला छातीशी घेता येईना, की हातही लावता येईना. साळवे सिस्टरनी टोपडं वाफेच्या भांड्यात घालून स्वच्छ केलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. "एवढं चालेल," म्हणाल्या.

मी जिन्यात येऊन वैजयंताला फोन लावला. सकाळची वेळ होती, वजनं व्हायची वेळ. फोन बराच वाजला.

"बारकीचं परत बिघडलंय," मी म्हटलं. "मशीनवर आहे. ते काही नीट सांगत नाहीत." मग विचारलं, "पैलवान किती झाला?"

मला वाटलं, रेंज गेली.

"वैजू?"

"दीड," ती म्हणाली. "दीड किलोच्या वर हाय."

"म्हणजे वाढला."

"वाढंल न्हाई तर काय. टोपडं हाय न्हवं तिच्या डोक्यावर?"

"आहे."

"मग घरी येणार ती. ठेव फोन, आन् जेव."

मी जेवले. खरंच, त्या दिवशी डबा उघडून जेवले.

त्यानंतर मी तिला रोज फोन करायची. माझी मुलगी खाली-वर होत होती. एक दिवस बरा, दोन वाईट. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं. पण आटपाडीत पैलवान वाढत होता. तो झोपेत हसायला लागला होता. "सटवाई हसवती त्याला," वैजयंता म्हणायची, "काय सांगती काय की कानात." त्यानं तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं. त्यानं आजीच्या नव्या लुगड्यावर शू केली, आणि आजी म्हणाली, आता पोरगं घराचं झालं. मी त्या बातम्या आत न्यायची. काचेपाशी उभी राहून मुलीला सांगायची, तो बघ, तो पोचला, तू पण चल.

मला एकदाही त्याचा आवाज ऐकू आला नाही. "झोपलाय," ती म्हणायची. आवाज यायचा तो मशीनचा. खडखडखडखड, मग थांबणं, मग पुन्हा.

"अगं, बाळंतीण ना तू? मशीनवर काय बसतेस?"

"दिवाळीचे ब्लाउज हायत. बायका ऐकत्यात व्हय? त्यांना वाटतं माझी बाळंतपणं काय, हुतच असत्यात."

एकदा तिनंच मला विचारलं. "मॅडम, दूध आटवायचं असलं तर काय करत्यात? आमच्या शेजारच्या बाईला पाहिजे. लई दुखतंय म्हणती."

मी साळवे सिस्टरना विचारलं. त्या बाटल्या लावत होत्या. "घट्ट फडकं बांधायला सांगा. अजिबात काढायचं नाही म्हणावं, काढलं की आणखी येतं." मग त्यांचे हात थांबले. "कुणाला पाहिजे?"

"वैजयंताच्या शेजारणीला."

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. त्या काही तरी बोलतील असं वाटलं. पण आत यंत्र वाजलं, कुणाचं तरी बाळ श्वास विसरलं होतं, आणि त्या धावल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या बाळाचं विचारत जाऊ नका."

"पण तो छान वाढतोय, सिस्टर," मी म्हटलं. "मला त्यानं धीर येतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं त्या कधी करत नसत. "बरं," म्हणाल्या. "मग विचारा."

माझी मुलगी त्या आजारातून उठली. कशी ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. औषध लागू पडलं, असं म्हणाले. नळी निघाली, बोंडलं आलं, पुन्हा माझ्या छातीवर ती आली आणि टोपडं तिला घट्ट होऊ लागलं. ज्या दिवशी तिला घरी न्यायचं ठरलं, त्या दिवशी मी आधी वैजयंताला सांगितलं. ती हुंकारली. मग म्हणाली, "सांगितलं हुतं का न्हाई?" आणि फोन ठेवला. त्या वेळी मात्र मागे मशीन चाललं नव्हतं, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

घरी आल्यावर महिनाभर सासूबाईंनी उंबरा ओलांडू दिला नाही. बारसं झालं, मुलीचं नाव आर्यिका ठेवलं. मग मी अभिनंदनला म्हटलं, आटपाडीला जाऊ. टोपडं परत द्यायचंय. वैजयंतानं सांगितलेल्या वजनाच्या अंदाजानं मी पैलवानाला झबली-टोपडी घेतली, एक माप मोठंच. तिला कळवलं नाही. मुलगी अचानक तिच्या मांडीवर द्यायची, असं माझं ठरलं होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. 'वैजयंता लेडीज टेलर' अशी पाटी होती, हातानं रंगवलेली. पुढच्या खोलीत मशीन होतं, वर कापडांचे गठ्ठे. ओसरीवर एक म्हातारी बाई ज्वारी निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"वैजयंता आहेत का? मी त्रिशला. मिरजेच्या दवाखान्यातली."

"पाण्याला गेलीया, येईल. बसा." मुलीकडं बघून तिचा चेहरा मऊ झाला. "त्याच दवाखान्यातली व्हय ही? जगली, बाई. बरं झालं." तिनं मुलीच्या गालाला हात लावला. मग तिची नजर वर गेली. मी मुद्दाम, ताणून का होईना, तेच टोपडं घातलं होतं.

म्हातारीचा हात मागं आला.

"हे आमच्या पोराचं हाय."

"हो. वैजूनं दिलं होतं. परत करायला आलेय. पैलवान झोपलाय का?"

ती माझ्याकडं बघू लागली. मग अभिनंदनकडं. "तुमास्नी ठाव न्हाई?"

अभिनंदननं माझ्या हातातली झबल्यांची पिशवी घेतली. का घेतली, कोण जाणे.

"त्यो गेला न्हवं," म्हातारी म्हणाली. "घरी आणला, आन् आठवडा न्हाई झाला. झोपला त्यो झोपलाच. श्वासच घेतला न्हाई. ही रातभर त्याच्या पायाला टिचक्या मारत हुती." बोलता बोलताच ती उठली आणि घाईनं माझ्या मुलीच्या डोक्याकडं हात नेला. "काढ ते, काढ. गेलेल्या पोराचं. असलं घालत न्हाईत, बाई, तुझी आत्ता कुटं वाचलीया."

"राहू द्या, आत्ती."

वैजयंता दारात उभी होती. कमरेवर घागर, दुसरी हातात. वाळली होती. तिनं दोन्ही घागरी खाली ठेवल्या, पदराला हात पुसले, आणि माझ्याकडं न बघता मुलीकडं आली. म्हातारीचा हात अजून तसाच वर होता. सगळेजण माझ्याकडं बघत होते, कारण मुलगी माझ्या हातात होती.

मी टोपडं काढलं नाही. एका बाजूनं वर सरकलं होतं, ते कानावर नीट ओढलं आणि मुलगी वैजयंताच्या हातात दिली.

तिनं तिला तळहातांवर तोललं, वर-खाली. "तीनच्या आत हाय," म्हणाली. "पण बरी हाय. मान धरायला लागली?"

"थोडी थोडी."

आत्ती, म्हणजे तिच्या सासूबाई, आत गेल्या. अभिनंदन गाडीकडं गेला. आम्ही दोघी मशीनच्या खोलीत बसलो. मुलगी तिच्या मांडीवर झोपून गेली.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगणार हुते? दुसऱ्याच दिवशी तुझा फोन. बारकी मशीनवर हाय म्हणालीस. आन् विचारलंस, पैलवान किती झाला." ती मुलीच्या तळपायावरून अंगठा फिरवत होती. "तोंडातनं दीड गेलं. मग मागं कसं घेणार? तू म्हणालीस, म्हणजे वाढला. किती बरं वाटलं तुझ्या आवाजाला."

"रोज सांगत राहिलीस. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी?" ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली, जुनं, टोचणारं. "लई शिकलीस तू मॅडम, पण येडीच हायस. हितं कोण त्याचं नाव काढत न्हाई. आत्ती म्हणत्यात, इसर. मालक म्हणत्यात, इसर. दवाखान्यातली पिशवी पण जाळली. सगळ्या दिवसात तुझा एकटीचा फोन यायचा त्याला विचारणारा. तेवढ्या वेळात त्यो वाढायचा. झोपेत हसायचा. आत्तीच्या लुगड्यावर शू केली म्हटलं मी, ते सांगताना मला वास आला गं, खरंच." तिनं मुलीला माझ्याकडं दिलं. "तू फोन ठेवलास की परत मी आन् मशीन."

निघताना मी टोपडं काढून तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं नाही. "तिला लहान हुईल तवा ठेव कुठंतरी. मला नको." झबल्यांची पिशवी अभिनंदननं केव्हाच गाडीत नेऊन ठेवली होती.

घरी आल्यावर चार दिवस मी तिला फोन केला नाही. काय बोलायचं ते सुचेना. आर्यिकाचं बरं चाललंय म्हणून सांगणं बरं दिसेना, आणि न सांगणंही. पाचव्या दिवशी, सकाळी, वजनांच्या वेळेला, मी फोन लावला. तिनं उचलला. मागे मशीन थांबलं.

"वैजू," मी म्हटलं, "पैलवान किती झाला?"

मला वाटलं, मी फार वाईट केलं. मग तिचा श्वास ऐकू आला.

"लई दांडगा झालाय," ती म्हणाली. "मान धरली त्यानं."

त्यानंतर ते आमचं ठरून गेलं, न ठरवता. मी विचारायची, ती सांगायची. आर्यिका पालथी पडायच्या आधी पैलवान पालथा पडला. ती उभी राहायच्या आधी तो उभा राहिला. त्याला पुढचे दात आले, पडले. तो बालवाडीत भांडून आला. तो नेहमी पुढंच होता, माझ्या मुलीच्या दोन आठवडे पुढं. वैजयंताला पुन्हा मूल झालं नाही. आर्यिका पहिलीत असताना एके दिवशी फोन लागेना. मी आटपाडीला गेले. पाटी उतरवलेली होती. आत्ती वारल्या होत्या. शेजारीण म्हणाली, मालकानं दुसरी केली, वैजयंता निघून गेली, बारामतीकडं कुठं तरी कपडे शिवायच्या कंपनीत आहे म्हणतात. नंबर कुणाकडे नव्हता. मी बारामतीला दोनदा जाऊन आले. मिळाली नाही.

आर्यिका यंदा दहावीला आहे. टोपडं तिच्या कपाटात आहे, ते कुणाचं ते तिला माहीत आहे.

तुम्ही त्या बाजूला असाल, तर एवढं करा. चाळिशीतली बाई आहे, उंच नाही, बोलायला तिखट. शिवणकाम करत असेल, कंपनीत किंवा एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत. नाव वैजयंता. दिसली तर तिच्याजवळ बसा, आणि विचारा, पैलवान कितवीत आहे? कुणीतरी विचारायला पाहिजे. ती 'दहावीला' म्हणाली, तर ती बरी आहे. तुम्हाला शिव्या दिल्या, तरी बरी आहे. गप्प बसली, तर मात्र लगेच उठू नका.